पंचांचा निर्णय अंतिम राहील

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक गोष्ट हमखास येते. पहिला जोराचा पाऊस पडतो, अंधेरी सबवेत पाणी भरतं, कुणीतरी त्याचा फोटो टाकतं आणि खाली दुसरा कुणी लिहितो, "ऑगस्ट ९५ आठवतोय का? रेफ्रीने हरवलेली मॅच!" मग तासभर सगळे तुटून पडतात. रेफ्री समोरच्या शाळेचा ओळखीचा होता, त्याने पैसे खाल्ले होते, त्याला दिसतच नव्हतं. मीही दरवर्षी हसरे चेहरे टाकत आले.

या स्मरणिकेसाठी लेख लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी हाच विषय घेतला. मात्र गोष्ट या वेळी पूर्ण सांगायची आहे, कारण तीस वर्षं आपण ती अर्धीच सांगत आलो आहोत.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण दहावीत होतो. आंतरशालेय फुटबॉलची उपांत्य फेरी अंधेरीतच होती, त्यामुळे शाळा सुटल्यावर आम्ही मुलीही मैदानाच्या कडेला छत्र्या घेऊन उभ्या होतो. चिखल घोट्यापर्यंत. शून्य-शून्य बरोबरी, शेवटची पाच-सात मिनिटं उरलेली. आपल्या बचावपटूने दबावाखाली चेंडू पायाने मागे आपल्याच गोलकीपरकडे ढकलला. गोलकीपरने तो नेहमीप्रमाणे उचलून छातीशी धरला. आणि शिट्टी वाजली.

कुणाला काहीच कळेना. ना धक्का, ना हँडबॉल. रेफ्रींनी गोलपासून सातआठ पावलांवर चेंडू ठेवायला लावला आणि एक हात सरळ वर करून ते उभे राहिले. "बघ, वर हात करून दम देतोय," असं माझ्या शेजारची म्हणाली. समोरच्या एकाने चेंडू हलकेच सरकवला, दुसऱ्याने मारला आणि आपल्या मुलांच्या भिंतीतून तो आत गेला. रेफ्रींनी हात खाली घेतला आणि गोल दिला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. आपला संघ रेफ्रींभोवती गोळा झाला. आधी ओरडाआरडा, मग कुणाचा तरी हात लागला. कुणाचा, ते आजही कुणी कबूल करत नाही. रेफ्रींचा चष्मा चिखलात पडला. ते तो शोधायला वाकले तेव्हा कडेच्या मुलींमधून एक आवाज आला, "आंधळा तर आहेच!" आणि सगळे हसले.

तो आवाज माझा होता. गोष्टीचा हा भाग ग्रुपवर कधी येत नाही, कारण मी तो कधी लिहिला नाही.

गेल्या वर्षी माझा धाकटा अंधेरीच्या एका टर्फवर शनिवार-रविवारी फुटबॉल शिकायला लागला. पहिल्याच महिन्यात त्याने गोलकीपर म्हणून अगदी तेच केलं. मित्राने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेतला. कोच लांबून ओरडले, "बॅकपास हातात घ्यायचा नाही रे!" मी बाहेर जाळीजवळ चहाचा कप घेऊन उभी होते. कोचना विचारलं, हा नियम कधीपासून? ते म्हणाले, "मॅडम, आधीपासूनच आहे."

आधीपासून नव्हता. घरी येऊन शोधलं. १९९० साली इटलीत झालेल्या वर्ल्ड कपमध्ये ५२ सामन्यांत फक्त ११५ गोल झाले होते, म्हणजे सामन्याला सव्वादोनसुद्धा नाहीत. आघाडी घेतलेला संघ चेंडू सारखा मागे गोलकीपरकडे द्यायचा, तो उचलून धरायचा आणि वेळ काढायचा. प्रेक्षक कंटाळले. म्हणून १९९२ च्या उन्हाळ्यापासून नियम बदलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेतला, तर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक. डोक्याने दिला तर चालतो. आणि अप्रत्यक्ष फ्री किक असली की रेफ्रीने हात सरळ वर धरायचा, दुसऱ्या कुणाचा चेंडूला स्पर्श होईपर्यंत. म्हणजे तो दम नव्हता, ती खूण होती.

आपली मॅच १९९५ ची. नियम तीन वर्षांचा झाला होता. आदल्याच वर्षी आपण रात्री जागून अमेरिकेतला वर्ल्ड कप टीव्हीवर पाहिला होता. त्यात गोलकीपर मागे आलेला चेंडू पायानेच मारत होते. आपण ते पाहिलं, पण का, असं विचारलं नाही. माझ्या व्यवसायात याला रोजचं उदाहरण आहे. प्रणाली अद्ययावत होते, सोबत काय बदललं याची यादी येते, ती कुणी वाचत नाही आणि मग सगळे म्हणतात की प्रणाली बिघडली.

मी आपल्या पी.टी.च्या सरांना फोन केला. पुढचं सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मी म्हटलं, "सर, त्या मॅचमध्ये रेफ्री बरोबर होते."

"हो," सर शांतपणे म्हणाले. "मला त्याच संध्याकाळी कळलं."

गर्दी पांगल्यावर सर माफी मागायला गेले होते. रेफ्री नळावर चष्मा धूत होते. एक काच तडकली होती. त्यांनी काही न बोलता पिशवीतून नियमांची झेरॉक्स काढली आणि बोट ठेवून दाखवलं. सरांनी ती वाचली. "मी मुलांना जुनंच शिकवलं होतं. चूक माझी होती," सर म्हणाले. सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी संघाला थांबवून हे सगळं सांगितलंही होतं.

"मग आमच्यापैकी कुणालाच कसं आठवत नाही?"

"ऐकलं सगळ्यांनी. पण हरल्याचं दुःख होतं ना. त्याला कुणीतरी दोषी लागतो."

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचत गेले. मला वाटलं होतं की खेळ आधी आला, रेफ्री सोबतच आला आणि खेळाडूंचं भांडण नंतर सुरू झालं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. भांडण आधी होतं, रेफ्री नंतर आला.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे पहिले सामायिक नियम लिहिले गेले, त्यांत रेफ्री नव्हताच. खेळणारे सभ्य गृहस्थ, वाद झाला तर दोन्ही कप्तान मिटवतील, अशी कल्पना होती. ते जमलं नाही, म्हणून प्रत्येक संघाचा एक असे दोन अंपायर आले. क्रिकेटसारखं अपील केलं तरच ते निर्णय देत. प्रत्येकाला आपापल्या संघाचं पटणारच! म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा माणूस उभा केला. दोघांचं एकमत झालं नाही तर हा प्रश्न त्याच्याकडे 'रेफर' व्हायचा, म्हणून तो रेफ्री. १८९१ मध्ये त्याला थेट मैदानात आणलं. अपिलाची वाट न पाहता शिट्टी वाजवायचा अधिकार त्याला मिळाला, आणि आधीचे अंपायर रेषेवरचे लाइन्समन झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. सी. बी. फ्राय यांच्यासारख्या हौशी खेळाडूंना ती अपमानास्पद वाटली. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करतो असं नियमानेच गृहीत धरावं, हे त्यांना रुचलं नाही.

योगायोग असा, की त्याच १८९१ मध्ये आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. सुरुवातीला त्यात गोऱ्या पलटणींचेच संघ असत. पहिला भारतीय विजेता, बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली झाला. म्हणजे मुंबईची ही मोठी स्पर्धा आणि मैदानातला रेफ्री हे एकाच वर्षी जन्माला आले.

आपण फुटबॉलच्या माणसाला रेफ्री म्हणतो, पण कबड्डी-खोखोत तो 'पंच'. हा शब्द गावच्या पाच जणांच्या पंचायतीतून आलेला. पाच जणांनी बसून, सगळ्यांचं ऐकून, दिवसभर विचार करून जो न्याय द्यायचा, तो मैदानावर एका माणसाने एका क्षणात, पळता पळता, एकाच बाजूने पाहून द्यायचा. आणि आपल्याकडे शाळेच्या रांगोळी स्पर्धेपासून सोसायटीच्या पाककला स्पर्धेपर्यंत प्रत्येक सूचनेच्या तळाशी एक ओळ असतेच: पंचांचा निर्णय अंतिम राहील. ही ओळ रोज लिहावी लागते, याचाच अर्थ ती कुणाला मनापासून मान्य नसते.

लाल-पिवळ्या कार्डांची गोष्ट तर शाळेच्या स्मरणिकेत यायलाच हवी, कारण ती कल्पना एका शिक्षकाची आहे. केन ॲस्टन हे इंग्लंडमधले शाळाशिक्षक आणि रेफ्री. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये सांतियागोला चिली आणि इटली यांच्यात जो सामना झाला, तो खेळ कमी आणि मारामारी जास्त होता. त्याचे रेफ्री ॲस्टनच होते. चार वर्षांनी, १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये, ते रेफ्रींचे प्रमुख होते. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफ्री रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला बाहेर काढलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. रॅटिन दुभाषा मागत राहिला आणि बराच वेळ मैदान सोडेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचं मैदानावर कळलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर गाडी चालवत घरी जाताना ॲस्टन लंडनच्या सिग्नलवर थांबले आणि त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं पहिल्यांदा आली आणि त्या अख्ख्या स्पर्धेत एकालाही बाहेर काढावं लागलं नाही.

मला यातली गंमत अशी वाटते, की कार्डाने शिक्षा वाढवली नाही. ताकीद आणि हकालपट्टी आधीही होतीच. कार्डाने फक्त निर्णय सगळ्यांना समजेल असा केला. आपल्या मॅचमध्ये वर केलेला हातही तसाच होता. पण खूण वाचायला दोन्ही बाजूंना लिपी माहीत असावी लागते.

राग मैदानात सुरू होतो, पण तिथेच थांबत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात दोन खेळाडूंची जुंपली. ती आग प्रेक्षकांत पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा जीव गेला. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड पाहायचं तर कोल्हापूरला जावं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा नावांचे संघ मुळात कुस्तीच्या तालमींचे. पेठेची इज्जत घेऊन ते शाहू स्टेडियमवर उतरतात आणि भर उन्हात स्टेडियम भरतं. असं प्रेम मुंबईच्या स्थानिक फुटबॉलला मिळत नाही. पण याच मैदानावरच्या हुल्लडबाजीच्या बातम्याही मराठी वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. पेठेच्या इज्जतीपुढे शिट्टीवाला माणूस एकटा पडतो.

सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी घटना मात्र कुठल्या मोठ्या स्टेडियममधली नाही. नेदरलँड्समधल्या आल्मेर शहरात डिसेंबर २०१२ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांचा हौशी सामना होता. रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे एका खेळाडूचे वडील हौसेने लाइन्समन झाले होते. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या मुलांनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या देशाने पुढच्या शनिवार-रविवारचे सगळे हौशी सामने रद्द केले. दोषी ठरलेली मुलं पंधरा-सोळा-सतरा वर्षांची होती. आपण त्या चिखलात उभे होतो, तेव्हा आपलंही वय तेच होतं. एक धक्का आणि फुटलेला चष्मा यावर आपलं निभावलं, ते आपल्या शहाणपणामुळे नव्हे.

आणि हे फक्त मुलांचं नाही. २० डिसेंबर २०२३ ला आपल्या अंधेरी क्रीडा संकुलात मुंबई सिटी आणि मोहन बागान यांची आयएसएलची मॅच झाली. मुंबईने २-१ जिंकली, पण लक्षात राहिली ती सात लाल कार्डांसाठी. चार मुंबईची, तीन मोहन बागानची. लाखो-कोटींचे करार असलेले व्यावसायिक खेळाडू, तरी राग आवरला नाही. मी टीव्हीवर पाहत होते. धाकट्याने विचारलं, "आई, रेफ्री चीटर आहे का?" मी म्हणाले, माहीत नाही. तीस वर्षांपूर्वी मला हे दोन शब्द सुचले असते तर बरं झालं असतं.

या रागावर उपाय शोधणं चालूच आहे. २०१७ पासून हौशी फुटबॉलमध्ये खेळाडूला काही वेळापुरतं बाहेर बसवायची मुभा नियमांत आली. इंग्लंडमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून गल्लीपातळीच्या फुटबॉलमध्ये रेफ्रीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर. आधीच्या प्रयोगात हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं होतं. आपल्या बाईंनी बडबड करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायच्या, तेच हे. २०२४ च्या युरो स्पर्धेत तर ठरवून टाकलं की रेफ्रीशी फक्त कप्तान बोलेल. म्हणजे फिरून आपण १८६३ च्या कप्तानापाशी आलो. फरक इतकाच, की आता तो निर्णय देत नाही, फक्त विचारतो.

विचारणं. आपल्याकडून त्या दिवशी तेवढंच राहिलं. "सर, कशाबद्दल शिट्टी?" एवढा एक प्रश्न आपल्या कप्तानाने केला असता, तर पिशवीतली झेरॉक्स तेव्हाच बाहेर आली असती. कप्तानालाच का बोला? आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही. हौशी फुटबॉलचे रेफ्री दिवसा कुठेतरी नोकरी करणारे, थोड्याशा मानधनावर लोकल पकडून येणारे असतात. आपले रेफ्री त्या संध्याकाळी तडकलेल्या काचेचा चष्मा लावून घरी गेले. त्यांचं नाव आपल्याला तेव्हाही माहीत नव्हतं.

शिक्षा मात्र आपल्याला झाली नाही. आपण दहावी करून बाहेर पडलो. पुढच्या वर्षी आपल्या शाळेच्या संघाला स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही, तो आपल्यामागच्या बॅचला. त्यांच्यातला एक जण आता माझ्याच सोसायटीत राहतो. नववीत असताना तो राखीव खेळाडू म्हणून त्या दिवशी बाकावर बसला होता आणि दहावीत त्याची जागा पक्की होती. मी त्याला सरांच्या फोनबद्दल लिफ्टजवळ सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं ताई. सरांनी आम्हालाही सांगितलं होतं. पण तुम्ही सीनियर होता, तुम्हाला कोण बोलणार?" मग जरा थांबून म्हणाला, "मी शूज घेतले होते त्या वर्षी. नवे." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनाला सर येणार आहेत. आपल्यामागच्या बॅचलाही आमंत्रण आहे. कार्यक्रमात 'आठवणी' असा तास ठेवला आहे आणि ही गोष्ट त्यात निघणारच, कारण ती आपली सगळ्यांत आवडती आहे. माझी विनंती एवढीच, की या वेळी ती 'रेफ्रीने हरवलेली मॅच' म्हणून सांगू नये. चेंडू पायाने मागे दिला होता, गोलकीपरने हातात घेतला होता, नियम तीन वर्षं जुना होता, रेफ्री बरोबर होते, आणि पुढच्या मुलांचं वर्ष आपण घालवलं. ते मागे बसलेले असतील. त्यांच्याकडे तोंड करून हे सांगायला हवं.

कुणी आधी बोलायचं, यावर ग्रुपवर वाद नको. चष्मा कुणी पाडला ते मला माहीत नाही. 'आंधळा' कुणी म्हटलं ते माहीत आहे, म्हणून आधी मीच उभी राहीन.